लाल ठिपक्याचा रुपया

सासूबाईंनी बायकोला दिलेल्या चांदीच्या रुपयावर मी लाल मार्करने ठिपका मारला, तेव्हा माझा हात जराही थरथरला नाही. थरथरणार कसा? चाकणच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून हा हात वर्षानुवर्षं हेच करत आलाय. पार्ट उचलायचा, बघायचा, नापास झाला की लाल ठिपका मारून लाल ट्रेमध्ये टाकायचा. मार्कर माझ्या शर्टाच्या खिशात असतोच, रविवारीसुद्धा. घरात लाल ट्रे नव्हता म्हणून रुपया पोह्यांच्या रिकाम्या बशीत टाकला आणि वर पाहिलं. समोर बायको उभी होती.

प्रकरण सुरू झालं ते माझ्या मेव्हण्यापासून. चिखलीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे आणि मोठी जीभ आहे. सासूबाईंनी जाण्याआधी दोन्ही मुलांना एकेक जुना रुपया दिला होता, राजाचं डोकं असलेला. मेव्हण्याचा चकचकीत, बायकोचा काळपट आणि झिजलेला. एकदा जेवताना तो म्हणाला, "ताई, आईनं खरा रुपया लेकाला दिला आणि डुप्लिकेट लेकीला. विचार दाजींना, ते माल तपासतात."

सगळे हसले. बायकोही हसली. पण घरी आल्यावर तिने देवघरातला रुपया उचलला, खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ उलटसुलट करत राहिली.

"आई असं करेल का हो?"

सासूबाई आता नाहीत. विचारणार कुणाला?

"मी आहे ना," मी म्हणालो. या तीन शब्दांनी आमच्या संसाराचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं पाणीकपातीनेही केलेलं नाही.

सोनार डोळ्याला लावतात तसलं भिंग मी मोबाइलवर शोधलं. दहापट, वीसपट, तीसपट असे प्रकार होते. टीव्ही घेताना केलं तेच केलं, सगळ्यात मोठा आकडा निवडला. तीसपट, वर लाईट, शिवाय गळ्यात अडकवायला दोरी. कंपनीच्या बसमध्ये मी ते कौतुकाने दाखवलं, तर शेजारचा म्हणाला, "काय राव, सराफाकडे पार्टटाइम धरला का?" मी मंद हसलो. जाणकार माणसं हसतात तसं.

तीसपट भिंगातून राजा दिसत नाही. राजाची नाकपुडी दिसते. तीही हात हलला की निसटते आणि पुन्हा सापडेपर्यंत मान आखडते. त्यात लाईटचा निळसर उजेड. खड्डे, चरे, ओरखडे. एवढे दोष एकाच पार्टमध्ये मी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते. मग राजाच्या मानेमागे, एका अक्षराच्या कोपऱ्यात, तांबूस चकाकणारा डाग दिसला. चांदीचा मुलामा उडाला की खालचं तांबं दिसायला लागतं, एवढं ज्ञान मी मोबाइलवरच मिळवलं होतं. आमच्या खात्याचा नियम आहे, शंका आली तर पास करायचं नाही. रुपया पालथा केला आणि मागच्या बाजूला ठिपका मारला.

"हे काय केलंत?" बायकोने विचारलं.

"नापास," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. "वरून मुलामा आहे, आत तांबं."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने बशीतून रुपया उचलला, ब्लाउजपीसमध्ये गुंडाळला आणि कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. देवघरात लक्ष्मीच्या पायाशी रुपयाएवढी जागा मोकळी राहिली. रात्री जेवताना मी न मागता माझ्या ताटात मीठ आलं. बायको बोलणं टाळते तेव्हा वाढण्यात फार चोख असते.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चैन पडेना म्हणून खिशातला नवाकोरा एक रुपया भिंगाखाली धरला. खड्डे! चरे! ओरखडे! टांकसाळीतून नुकताच आलेला रुपया माझ्या तपासणीत सपशेल नापास होत होता. मग डोक्यात उजेड पडला. तपासायला बसण्याआधी पास ठरलेला नमुना शेजारी ठेवायचा, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. शिकवणारा मीच असतो.

संध्याकाळी दुसरं भिंग घ्यायला पिंपरीला उतरून मोजमापाची हत्यारं विकणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदाराने भिंगांचा खोका पुढे ठेवला. मी खिशातला तोच नवा रुपया काढला आणि एकेक भिंग हातभर लांब धरून, एक डोळा मिटून बघू लागलो.

"साहेब, डोळ्याला लावा की," तो म्हणाला. "आणि नाणं जवळ आणा. तुम्ही तर भिंगाचाच फोटो काढताय."

तसं केल्यावर गंमत कळली. वीसपटमध्ये अर्धा आकडाच दिसे. एका स्वस्त भिंगात रुपयाच्या कडेला इंद्रधनुष्य उमटलं. शेवटी एक दहापटचं सापडलं, अंगठ्याएवढं, लाईट नाही, दोरी नाही. तीन काचा एकत्र चिकटवलेल्या, त्यामुळे कडेपर्यंत सगळं स्वच्छ. अख्खा आकडा आणि शेजारचं नक्षीकाम एका नजरेत मावत होतं. तरी मी पुन्हा पहिल्यापासून सगळी तपासली.

"साहेब, भिंग घेताय का मुलगी बघताय?" दुकानदार म्हणाला. मी घेतलं.

घरी येऊन बायकोकडे रुपया मागितला.

"आता काय राहिलंय तपासायचं?"

"एकदाच. या वेळी आधी बघतो, मग बोलतो."

असं मी पहिल्यांदाच म्हटलं असावं, कारण तिने रुपया दिला. मी गॅलरीत गेलो, अजून दिवस होता. भिंग डोळ्याला लावलं, रुपया नाकाशी आणला. खड्डे-चरे कुठल्या कुठे गेले, नुसती झीज दिसत होती, रोज वापरलेल्या भांड्यासारखी. आणि तो तांबूस डाग चांदीच्या आत नव्हताच. अक्षराच्या खाचेत वरून चिकटलेलं लालसर काहीतरी होतं. मी नखाने टोकरणार, तेवढ्यात बायकोने माझा हात धरला.

"थांबा. मला बघू द्या."

तिने भिंग पहिल्याच झटक्यात बरोबर डोळ्याला लावलं. मला त्यासाठी एक अख्खं दुकान लागलं होतं. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"मेण आहे हे," ती म्हणाली. "आई कपाळाला आधी मेण लावायची, मग त्यावर पिंजर. आणि लक्ष्मीपूजनाला तेच बोट रुपयाला टेकवायची. मी नुसतं कोरडं कुंकू वाहते, ते धुतलं की जातं. हे आईचं आहे."

"म्हणजे हा रुपया..."

"आईच्या पूजेतला. भावाचा नुसता डब्यात असणार, म्हणून चकाकतोय."

माझ्या जिवात जीव आला. लगेच उत्साह पण आला, तो माझा जुना आजार आहे. "थिनर आणतो," मी म्हणालो, "माझा ठिपका एका मिनिटात पुसून टाकतो."

तिने रुपया मुठीत घट्ट धरला.

"काही नको. थिनरनं आईचं मेणही जाईल. राहू द्या. एका बाजूला आईचं कुंकू, दुसऱ्या बाजूला जावयाचा ठिपका. दिवाळीला कुठली बाजू वर ठेवायची ते मला कळतं. तुम्ही तेवढा तो मार्कर कंपनीत ठेवून येत जा. आज रुपया सापडला, उद्या माझ्या पोळ्या तपासायला घ्याल."