रूथच्या वाट्याचं दूध

जिच्या वाट्याचं दूध पिऊन मी जगलो, ती रूथ आज सकाळी गेली.

नव्वदीला टेकली होती. मीही तेवढाच. मी सांगतोय आणि नात टाइप करतेय, तेव्हा चुका तिच्या.

मला जन्म देऊन चौथ्या दिवशी माझी आई वारली.

इंग्रजांचं राज्य होतं. बनारसला मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत डब्यातलं दूध कोणी पाहिलेलंही नव्हतं. गाईचं मला पचेना, बकरीचं पचेना.

माझे वडील, दादा, वेदपाठशाळेत शिकवायचे. बनारसमधल्या सगळ्या मराठी घरांतून हिंडले. एकही बाळंतीण मला पाजायला तयार होईना. जन्मताच आईला खाल्लं म्हणे, पांढऱ्या पायाचा.

शेवटी सुईण म्हणाली, "सिगऱ्याच्या मिशन दवाखान्यात एक नर्स आहे. तुमच्यासारखीच मराठी बोलते. लेक पाच महिन्यांची आहे तिची. पण ख्रिस्ती आहे."

दादा तडक पायी निघाले.

त्या मार्थामावशी. मूळच्या नगरकडच्या. नवरा मिशनच्या छापखान्यात कामाला. आणि लेक म्हणजे रूथ.

दादांनी दारातूनच सांगितलं, बाळाची आई गेली, दूध मिळत नाही.

"बाळ कुठंय ते सांगा आधी," मावशी म्हणाल्या. "माझी लेक पिऊन झोपते तरी उरतं, शास्त्रीबुवा. देवाने दोघांचं दिलंय. ते मी एकीसाठी कसं ठेवू?"

उरतं, हे खोटं होतं.

हे मला रूथने सांगितलं, आम्ही दोघं म्हातारे झाल्यावर. "पुरत नव्हतं रे. आई आधी तुला पाजायची. मला बाबा भाताची पेज भरवायचे."

"राग नाही आला?"

"आला की! आईला विचारलंही होतं मी. ती म्हणाली, तू भूक लागली की रडायचीस तरी. त्याच्यात रडायचंही बळ नव्हतं."

वर्षभर मी सिगऱ्यातच राहिलो. रूथच्या पाळण्यात, रूथच्या झबल्यांत.

दादा रोज मला बघायला यायचे. आत येत नसत, व्हरांड्यात उभे राहायचे. मला पाजायला जवळ घेण्याआधी मावशी डोळे मिटून म्हणायच्या, "प्रभू, हे तुझंच आहे. लेकराच्या अंगी लागू दे."

दादा म्हणायचे, "इतकी वर्षं मंत्र शिकवले, पण कान देऊन प्रार्थना ऐकली ती तिथे."

मी घरी आलो आणि जातीच्या पंगतीत दादांचं पान मांडणं बंद झालं, पोराला ख्रिस्ती बाईचं दूध पाजलं म्हणून.

मावशी महिन्यातून एकदा रूथला घेऊन मला बघायला येत. बाहेर पायरीवर बसत. मला सांभाळणारी माझी काकू वरून त्यांच्या हातात लाडू टाकायची, शिवायचं नाही म्हणून. मावशी तो कपाळाला लावून खायच्या.

आठव्या वर्षी माझी मुंज ठरली.

जातवाल्यांच्या अटी दोन. दादांनी प्रायश्चित्त घ्यायचं. आणि त्या बाईने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही.

दादांनी मान्य केलं. मुलाची मुंज अडू नये, एवढंच त्यांना दिसत होतं.

मुंजीत मातृभोजन असतं. मुलगा आईच्या ताटात शेवटचं जेवतो. आईच्या जागी काकू बसली.

समोर दार उघडं होतं. गल्लीत मावशी उभ्या होत्या, रूथचा हात धरून. दोघींनी धुवट, नीटनेटके कपडे घातले होते.

मी घास खाली ठेवला. म्हणालो, "माझी आई बाहेर उभी आहे."



मी दादांकडे पाहिलं. दादांनी मान खाली घातली.

गल्लीतून मावशींचाच आवाज आला. "जेव बाळा. काकूंनी तुला वाढवलंय, मी नुसतं पाजलं. मुहूर्त टळेल, जेव."

मी जेवलो.

रूथ माझ्याकडे बघत होती. मी घास गिळला तशी तिने मान फिरवली. थोड्या वेळाने पाहिलं तर गल्लीत कोणी नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात शहरात हैजा, म्हणजे कॉलरा, आला. घरची माणसं शिवत नव्हती अशा रोग्यांची घाण मावशी दवाखान्यात काढत होत्या. तिथेच त्यांना लागण झाली. दोन दिवसांत संपल्या.

या वेळी दादांनी कोणाला विचारलं नाही. माझा हात धरला आणि थेट कब्रस्तानात नेलं.

पाद्री प्रार्थना म्हणत होते. लोक एकेक करून मूठ मूठ माती टाकत होते. आम्ही दोघं लांब, फाटकाशी.

रूथ गर्दीतून निघून माझ्यापाशी आली. रडून डोळे सुजलेले. मला वाटलं, मारते आता.

म्हणाली, "तू मागे का उभा? चल. आपली आई आहे."

तिने मला पुढे नेलं. माझी मूठ माझ्याच्याने उघडेना. तिने बोटं सोडवली, तेव्हा माती पडली.

परत येताना दादा मला बालाजी घाटावर घेऊन गेले. दोघांनी स्नान केलं. पायऱ्यांवर पाठशाळेतले एक गुरुजी भेटले. "अवेळी स्नान? कोण गेलं?"

"याची आई," दादा म्हणाले. "मुलाला दहा दिवस सुतक आहे. मलाही."

दहाही दिवस दादांनी पाळले. पाठशाळेतली नोकरी गेली. पुढे घरीच मुलांना संस्कृत शिकवलं, येईल त्याला, जात न विचारता.

रूथ त्याच दवाखान्यात नर्स झाली. आईविना राहिलेली किती पोरं तिने अंगाखांद्यावर वाढवली, तिलाच ठाऊक. एकाही रक्षाबंधनाला तिच्याकडे जायचं मी चुकवलं नाही.

रोज सकाळी येणारा तिचा फोन आज आला नाही, तिच्या मुलाचा आला.

रूथ, सावकाश जा.

तुझ्या प्रभूच्या घरी तुला विसावा मिळो. हा म्हातारा वैदिक ब्राह्मण दुसरं काही मागत नाही.