हरकत आहे का?

माझा धाकटा भाऊ आणि त्याला मारणारा एकाच वर्गात शिकले. बाभुळगावजवळच्या आमच्या गावात कबड्डीच्या सामन्यावरून दोघांची जुंपली, आणि त्यानं बैलगाडीच्या कडेचा उभारीचा दांडा उपसून भावाच्या डोक्यात घातला. दवाखान्यात नेईपर्यंत भाऊ गेला. मारणाऱ्याला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. थोडा लहान असता तर वेगळा कायदा लागला असता, असं त्याचा वकील म्हणाला. यवतमाळच्या कोर्टानं जन्मठेप दिली. मला तेव्हा ती कमीच वाटली.

पुढे त्याचा पॅरोलचा अर्ज आला की ठाण्यातून जमादार घरी यायचे. तो गावात आला तर तुमची हरकत आहे का, असं विचारायचे. बाबा दरवेळी आहे म्हणायचे. त्याच्या वडिलांना लकवा मारला तेव्हाही म्हणाले. अर्ज नामंजूर झाला आणि त्याचे वडील मुलाचं तोंड न पाहताच गेले. त्या दिवशी त्यांच्या घरी आईनं पिठलं-भाकर नेऊन दिली. बाबांनी तिला अडवलं नाही.

गेल्या वर्षी त्याच्या मुदतपूर्व सुटकेसाठी जमादार पुन्हा आले. मी माहेरीच होते. बाबा म्हणाले, "माहा पोरगा अठराचाच रायला. याचे केस तिथं पिकले असतीन. लिहा, हरकत नाही म्हनून."

सुटल्यावर तो आमच्या दारात आला. केस खरंच पिकले होते. पाया पडायला वाकला तसे बाबांनी पाय मागे घेतले, पण बस म्हणाले. आत काय शिकला, हेही विचारलं. सुतारकाम, तो खाली मान घालून म्हणाला. आईनं चहा दिला. तो कपात तसाच निवून गेला.

गावात त्याला कोणी काम देईना, म्हणून तो पांढरकवड्याला ट्रकच्या बॉड्या बांधायच्या कामावर गेला. तो गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "त्याच्या बापाच्या वक्तीच हरकत नाही म्हनलो असतो, तं माहं काय गेलं असतं?"

आता तो अधूनमधून आपल्या आईला भेटायला येतो. तो आल्याचं कळलं की बाबा दिवसभर वावरातच थांबतात.