हेडलाइटपुरती गाडी

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात मला गाडीचा एकटीचा फोटो हवा असतो. किती उद्धट मागणी! यंदा एका देखण्या काळ्या गाडीसमोर मी दोन तास उन्हात उभा होतो. एकजण हलला की दुसरा बॉनेटला टेकायचा. वर मलाच म्हणायचा, "पावणं, आमचा बी एक काढा की!" कोल्हापुरात नाही म्हणायची सोय नाही, म्हणून काढत गेलो. अखेर सगळे मिसळ खायला पांगले आणि गाडी एकटी सापडली.

तो फोटो मी मोठ्या अभिमानानं गाडीच्या मालकांना पाठवला. लगेच त्यांचा फोन आला, "फोटो झ्याक हाय, पण ह्यात मी कुठं हाय?"

चुकलंच माझं. मग ज्यात ते स्वतः मित्रांसह गाडीला टेकले होते, तो फोटो पाठवून दिला.

महिन्याभरानं राजारामपुरीच्या चौकात त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. मधोमध गॉगल लावून हाताची घडी घातलेले मालक होते आणि भोवती बारा मित्र. बाराव्याच्या कोपराखालून एक हेडलाइट कसाबसा डोकावत होता. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'जुन्या गाड्यांचे सच्चे प्रेमी'.