बाबांच्या कानातलं तेल

आमच्या परसात रायवळ आंब्याची तीन झाडं आहेत. मे महिन्यात पहाटे पाचोळ्यावर आंबा पडला, की बाबा अंथरुणातूनच सांगायचे, "विहिरीकडचा पडला गो, जा पळ!" आणि आंबा तिथेच सापडायचा.

बाबा चिरेखाणीत जांभा दगड कापायची मशीन चालवायचे. हळूहळू त्यांना ऐकू कमी यायला लागलं. आम्हाला वाटलं, कानात लाल धूळ बसली असणार. मग आई रोज संध्याकाळी लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल त्यांच्या कानात सोडायची. तो वास मला अजून आवडतो, आणि त्याच वासाने डोकंही फिरतं.

कारण तेल फार तर पडद्यापर्यंत जातं. बिघाड त्याच्या आत होता, शंखासारख्या वळलेल्या नळीत. तिथले केसांसारखे बारीक तंतू आवाजाने लवतात, म्हणून आपल्याला ऐकू येतं. मशीनच्या रोजच्या कर्कश आवाजाने ते मोडतात.

"म्हणजे वाऱ्याने भात आडवं होतं तसं," कानाच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांचं ऐकून बाबा म्हणाले.

"भात पुढच्या वर्षी परत लावता येतं, बाबा. हे नाही," मी त्यांच्या कानाशी ओरडले.

खाणमालक मशीनला वंगण वेळेवर घालतो, पण माणसाला कानात घालायला साधे बोळे देत नाही! म्हणून मी आता खाणीखाणीवर कान जपायची पत्रकं वाटत फिरते.

यंदा पहाटे आंबा पडला. माझी मान वळलेली बाबांनी पाहिली.

"कुठला गो?"

"विहिरीकडचा!" मी ओरडले, आणि तेच उठून आणायला गेले.