भिंतीकडे तोंड करून

२००४ च्या मे महिन्यात मी शिरोड्याला मावशीकडे गेले, तेव्हा तिच्या नातीला कांजण्या आल्या होत्या. घरात फोडणी बंद होती. मावशी पडवीत कडुलिंबाचा पाला निवडत बसली होती.

"तू थंय पुण्यात उंदरांका काय करतंस गो?" तिनं सहज विचारलं.

मी सांगितलं. माणसांसारख्याच उंदरांच्याही रक्तात नॅचरल किलर नावाच्या पेशी असतात. विषाणू शिरला की शरीराचं बाकीचं सैन्य तयार व्हायला वेळ लागतो. तोवर विषाणूनं धरलेल्या पेशी हुडकून मारायचं काम त्या करतात. आम्ही प्रयोगशाळेत काही उंदरांमधल्या या पेशी इंजेक्शन देऊन नाहीशा करायचो आणि मग सगळ्यांना सारखाच विषाणू टोचायचो. सुरुवातीला दोन्ही पिंजरे अगदी एकसारखे दिसत. मग एका सकाळी त्या पेशी नसलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यातली खुडबुड थांबलेली असे. उंदीर पाठीला पोक काढून, केस पिंजारून कोपऱ्यात बसलेले. झाकण उघडलं तरी हलत नसत. शेजारच्या पिंजऱ्यात मात्र खाणंपिणं चालू.

मावशीचा हात थांबला. तिची थोरली मुलगी लहानपणी कांजण्यांनी गेली होती. त्या वर्षी वाडीतल्या सगळ्याच पोरांना कांजण्या आल्या होत्या, मलाही. आम्ही खाजवत खाजवत बरे झालो, ती एकटी नाही. तू घरात मासे तळलेस म्हणून देवी कोपली, असं मावशीला लोकांनी सांगितलं होतं.

"माझ्या चेडवात त्यो पेशी नव्हत्योच काय?"

"आता सांगूक येवचा नाय, मावशी. पण अशी माणसं असतात, क्वचित."

"तांय असाच बसलेला," ती हळूच म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून. हाक मारलंय तरी वळूक नाय."

तेव्हा आमच्या लक्षात आलं की आतल्या खोलीतून मघापासून येणारी नातीची कुरकुर थांबली आहे.

मी आत गेले. पोर खाटेच्या टोकाला बसली होती, पाठ वाकवून, भिंतीकडे तोंड करून. मी हाक मारली. ती वळली नाही. मागे वळून पाहिलं तर मावशी उंबऱ्यातच उभी. पाऊल आत टाकायला तयार नव्हती. मी पोरीच्या मानेला हात लावला. चटका बसावा इतकी गरम.

आम्ही रिक्षा करून तिला डॉक्टरकडे नेलं. दोन दिवस ती ग्लानीत होती. मी तिच्या उशाशी बसून तिचा श्वास मोजत होते, प्रयोगशाळेत जनावर पाहावं तशी. मग ताप उतरला, आणि तिनं पेज मागितली.

मी निघाले त्या दिवशी मावशी गेटपर्यंत आली. नातीचं रक्त तपासून त्या पेशी आहेत का, हे कळेल का, असं तिनं विचारलं. मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात विचारते, मी म्हणाले.

तिनं जरा विचार केला.

"नको," ती म्हणाली. "नसत असा कळला तर मी तेच्याकडे रोज तशीच उंबऱ्यावरसून बघीत रवतलंय."