डब्यातला आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या ओळखीचा कुणी हे वाक्य वाचेल तर आधी हसेल, कारण मी न सांगितलेली गोष्ट अख्ख्या जिल्ह्यात शिल्लक नाही असा माझा लौकिक आहे. कन्नडच्या घाटात माझ्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बिबट्या येऊन बसला आणि घाट संपल्यावर आपणहून उतरून गेला, हे मी सांगितलंय. गंगापूरच्या उसात मी वाट चुकलो आणि बाहेर आलो तेव्हा त्याच उसाचा गूळ होऊन बाजारात गेला होता, हेही सांगितलंय. लग्नात, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, जिथं दोन कान मोकळे दिसले तिथं सांगितलंय. पण हे नाही. एवढं एकच नाही सांगितलं.

मी संभाजीनगरातल्या एका कॉलेजात माध्यमं शिकवतो. कॅमेरा, संकलन, ध्वनी वगैरे. पोरांना सांगतो, सरांनी बेचाळीस सिनेमांच्या सेटवर काम केलंय. खरं सांगू? एका. तीन दिवस. गर्दीत उभा होतो, तेही पाठमोरा.

तुम्हाला वाटलं असेल, हीच कबुली. नाही हो! असल्या थापांनी कुणाचं काही बिघडलं नाही. बिबट्यानंही कधी तक्रार केली नाही. ज्या थापेनं बिघडलं, तिच्याकडं यायला मला जरा वेळ लागणार आहे. तुम्ही बसलाच आहात, तर बसा.

तिसऱ्या वर्षाला आमच्याकडं एक काम असतं. थरारपटाची फक्त सुरुवात करायची, दोन मिनिटांची. पुढचा सिनेमा नसतोच. पाहणाऱ्याला पुढं काय होणार याची तहान लागली पाहिजे आणि तिथंच पडदा काळा. सोबत एक फाईल द्यायची, कुठला शॉट का घेतला, आवाज कसा मिळवला, असं सगळं लिहून. फाईलच्या पहिल्या पानावर एक रकाना असतो, ‘मदत कुणाची’. तिथं पोरं डोळे झाकून माझं नाव लिहितात. मी कधी लिहा म्हणालो नाही — पण नका लिहू, असंही कधी म्हणालो नाही. रिवाजच पडला. मीही एकेक फाईल न उघडता सह्या ठोकतो. तोही रिवाज.

मग बाहेरगावचे परीक्षक येतात. ते आणि मी मिळून गुण देतो, आणि सगळ्यांत चांगली एक फिल्म पुण्याला विद्यार्थ्यांच्या महोत्सवात जाते. एकच.

त्या वर्षी वर्गात शाहीन होती. गंगापूरची. वडील वाळूजला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे जिथं पत्र्याला ठोकून आकार देतात तिथं. रोज जीपमध्ये कोंबून यायची, मागच्या बाकावर बसायची आणि माझ्या थापा ऐकून कधी हसायची नाही. ऐकायची मात्र. असं ऐकणं मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. वर्गातल्या पंख्याचा आवाज बदलला की मान वर करायची, आणि दुसऱ्या दिवशी पंखा बंद पडलेला असायचा. ही माझी थाप नाही. शिपायाला विचारा.

तिला पुण्याला ध्वनिमुद्रण शिकायला जायचं होतं. घरी तह झाला होता. फिल्म पुण्याला गेली, तर अब्बा रजा टाकून स्वतः तिला घेऊन जाणार, तिथली संस्था बघणार, प्रवेशाचं बोलणार. नाही गेली, तर विषय संपला. हे तिनं मला सांगितलं होतं. मला ठाऊक होतं, हे लक्षात ठेवा. मी विसरायचा फार प्रयत्न केलाय.

आता फिल्म सांगतो, आणि यात एक अक्षर वाढवणार नाही. वाढवायला तिनं जागाच ठेवलेली नाही.

दुपारचं ऊन. कंपनीची बस येऊन थांबते. पाळी सुटलेली माणसं उतरतात, दिसतात फक्त त्यांचे पाय. थकलेले, ग्रीसचे डाग पडलेले, एकाच्या चपलेला तार बांधलेली. शेवटचा पाय उतरतो. रिकामी बस. मागच्या सीटवर एक स्टीलचा डबा राहिलाय. ड्रायव्हर आरशात बघतो, उठतो, चालत मागं येतो. डबा उचलायला जातो आणि त्याचा हात खाली ओढला जातो. डबा जड आहे. जेवून झालेला डबा जड कसा? तो डबा कानाला लावतो. आणि इथं बाहेरचा सगळा आवाज मरतो, रस्ता, हॉर्न, पाखरं, सगळं. आतून ऐकू येतं — धप्प. मग काहीतरी श्वास घेतल्यासारखं. मग पुन्हा धप्प. ड्रायव्हरचा अंगठा झाकणावर येतो. पडदा काळा. अंधारात आणखी एकदा, धप्प. नाव येतं, ‘दुसरी पाळी’.

संपलं. दोन मिनिटंही नाहीत.

मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हातातला चहा तसाच धरून बसलो होतो. शेवटी विचारलं, “काय आहे गं त्या डब्यात?”

“ते मलाबी ठाव नाय, सर,” ती म्हणाली. “ठाव असतं तर भ्या कशाचं?”

वीस वर्षं मी जे खडूनं फळ्यावर लिहीत आलो, ते तिनं उभ्याउभ्या एका ओळीत सांगून टाकलं. आणि तो आवाज? मी म्हटलं, इंटरनेटवरून उचलला असेल. तिनं मान हलवली. अब्बांच्या कंपनीत मोबाईल गेटवरच ठेवून घेतात. म्हणून ती कंपाउंडच्या भिंतीबाहेर निंबाखाली बसली, जिथं अब्बा रोज बसची वाट बघतात. रिकाम्या डब्यात मोबाईल ठेवला, झाकण लावलं, डबा जमिनीवर ठेवला. आतल्या प्रेसचा ठोका जमिनीतून आला, स्टीलमधून गेला, डब्यात घुमला. आणि श्वास? तो डब्यातल्या हवेचा. “डब्याला काय ऐकू येतं, ते घ्यायचं होतं, सर.”

डब्याला काय ऐकू येतं! बेचाळीस सिनेमांच्या सेटवरच्या माणसाला हे सुचलं असतं का? पाठमोऱ्याला तर नाहीच.

परीक्षेचा दिवस. परीक्षकसाहेब जाड भिंगांचा चष्मा लावलेले, बोलायला कमी, हसायला तयार. आमच्याकडं परीक्षकांना आधी नान-खलिया खाऊ घालायचा आणि मग फिल्मा दाखवायच्या अशी पद्धत आहे. जेवणात मी त्यांना बिबट्या दिला, ऊस दिला, शिवाय एक नवीनच रचलेली दिली, पैठणच्या धरणातल्या माशाची. साहेब हसून हसून ठसकले, डोळे पुसले. मी असा खूश की विचारू नका.

दुपारी पडदे ओढून फिल्मा लावल्या. एका पोरानं दौलताबादच्या किल्ल्यावर ड्रोन उडवून त्याला भुताचं संगीत लावलं होतं. साहेब म्हणाले, छान. दुसरी, तिसरी, चौथी. छान, छान. मग ‘दुसरी पाळी’.

शेवटचा धप्प झाला आणि खोली गप्प झाली. साहेबांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. म्हणाले, “पुन्हा लावा.” पुन्हा लावली. पुन्हा ती शांतता. मग माझ्याकडं वळून अगदी हळू विचारलं, “हा आवाज — हे कुणाला सुचलं?”

मी सगळं आयुष्य लोकांना हसवलंय. पण कुणी माझ्यासाठी असं गप्प झालं नव्हतं. कधीच नाही. आणि ती शांतता माझ्यासमोर टेबलावर पडली होती, शाहीनच्या डब्याशेजारी. तिनं तो दाखवायला म्हणून आणून ठेवला होता.

मी म्हणालो, “आमच्याच डोक्यातलं खूळ, साहेब. पोरीला म्हटलं, मोबाईल डब्यात घाल, झाकण लाव. वाळूजला भर उन्हात दोन तास जमिनीला कान लावून बसलो होतो तिच्याबरोबर. कान भाजला माझा. हा बघा!”

आणि मी कान दाखवला. खरंच दाखवला.

साहेब हसले. मग त्यांनी सवयीनं तिची फाईल उघडली. पहिलं पान. ‘मदत कुणाची’. बाकी सगळ्या फायलींत तिथं माझं नाव. हिच्यात दोनच शब्द होते, ‘माझे अब्बा’.

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी शाहीनला आत बोलावलं. ती ओढणी सावरत टेबलासमोर उभी राहिली.

“ही डब्याची कल्पना सरांची का?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. पंख्याचा आवाज बदलल्यावर बघायची ना, तसं. मी काय केलं? मी टेबलावरच्या टाचण्या नीट लावायला घेतल्या.

“सर म्हणत असतील,” ती म्हणाली, “तर असंल.”

“मग फाईलमध्ये त्यांचं नाव का नाही?”

ती काय बोलणार? तिचे निम्मे गुण माझ्या हातात होते. सरांना खोटं पाडायचं आणि तेही बाहेरच्या माणसासमोर, असं आमच्याकडं कोण करतं?

साहेबांनी तिच्या गुणपत्रिकेवर शेरा लिहिला, विद्यार्थिनीनं मार्गदर्शकाचं श्रेय दडवलं. अख्ख्या वर्गात तिनं एकटीनं खरं लिहिलं होतं. खोटी तीच ठरली.

त्यानंतर साहेब दीड तास विभागात बसून गुण भरत होते. मी तीनदा चहा मागवला. तोंड उघडायला दीड तास म्हणजे किती असतो, सांगू का? मी दीड तासात तीन बिबटे, दोन धरणं आणि एक लग्न मोडून जोडू शकतो. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, साहेब, मी थाप मारली. चार शब्द. गुणांचं पाकीट बंद करायची वेळ आली तेव्हा साहेबांनी डिंकाची बाटली माझ्याकडं सरकवली. डिंक मीच लावला. अंगठ्यानं दाबून, कडेपर्यंत.

पुण्याला ड्रोन गेला.

संध्याकाळी शाहीन विभागात आली. मला वाटलं, आता बोलेल. तिनं टेबलावरचा डबा उचलला. “सर, हा नेते. अब्बांची उद्या फर्स्ट शिफ्ट हाय.” एवढंच. जाताना दार हळू लावलं. आवाज होऊ नये याची काळजी घेऊन.

फाईल मी त्यानंतर वाचली. बावीस पानं. सोळाव्या पानावर तिनं लिहिलंय की तिनं आधी तीन ठिकाणी डबा ठेवून पाहिला, आवाज बारीक येत होता. मग अब्बांनी निंबाखालची जागा दाखवली. तिथं बसून चहा पिताना त्यांच्या ग्लासातला चहा रोज थरथरतो. अब्बा म्हणाले, इथं बस, इथं जमीन बोलती. एवढी वर्षं पाळी करून त्या माणसाला काय कळलं होतं ते त्यानं मुलीला दिलं, मुलीनं डब्यात घातलं, आणि मी ते माझ्या कानाला लावून मिरवलं.

मी नंतर त्या निंबाखाली जाऊन बसलो. कोपऱ्यावरून चहा आणला, ग्लास जमिनीवर ठेवला. चहा थरथरला. बारीक, गोल, मधोमध.

तुम्हाला वाटेल, मग तरी कुणाला सांगितलं असेल. नाही. उलट ऐका. ‘दुसरी पाळी’ मी दर वर्षी नव्या वर्गाला दाखवतो. याहून चांगली सुरुवात माझ्याकडं दुसरी नाही. दर वर्षी वर्ग गप्प होतो आणि कुणीतरी विचारतंच, सर, हा आवाज कसा घेतला? आणि दर वर्षी मी कान भाजल्याची गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी तर उन्हात चार तास बसलो होतो.

मागच्या महिन्यात गंगापूरला एका दाखल्यासाठी गेलो. सेतू केंद्रात टेबलामागं शाहीन. लोकांचे अर्ज भरून देते. मला बघून उठून उभी राहिली. “सर! बसा ना. च्या सांगू?” माझा अर्ज भरला, प्रिंट दिली. मशीन चालू झालं आणि तिनं टाईप करता करता मान जराशी कलती केली, हात लांब करून झाकण उघडलं. “कागद अडकनार हाय,” म्हणाली. कागद अजून अडकलाही नव्हता. तिनं तो सरळ केला, झाकण लावलं, मशीन गुमान चालू लागलं. रांगेतल्या कुणाचं लक्षही गेलं नाही. मी कागद घेऊन बाहेर आलो. तिथंही बोललो नाही.

सिनेमा संपला की नावं येतात. तिच्या फिल्मला शेवट नव्हता, म्हणून नावंही आली नाहीत. ती इथं लिहितो.

आवाज, शाहीनचा. जागा दाखवली तिच्या अब्बांनी. डबा त्यांच्या घरचा.

मी तिथं नव्हतो.