दोन थाऊ

लग्नानंतर मी पुण्याहून इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला आले, तेव्हा सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. सासरे आमच्याजवळच राहायचे. रिटायर्ड इंजिनिअर, बोलणं मोजकं. शनिवारी सकाळी चहाचा मग घेऊन गॅरेजमध्ये शिरायचे. क्लबात रायफलची नेमबाजी करायचे आणि लायसन्सवर काडतुसं घरीच भरायचे. "बाबांची गॅरेज त्यांचा देऊळ आहे," नवरा त्याच्या इथल्या मराठीत सांगायचा. मी तिकडे फिरकत नसे. बंदुकीचं नाव निघालं तरी मी विषय बदलायचे.

एका शनिवारी ते रेंजवरून लवकर परतले. कोट न काढताच किचनमध्ये बसले.

"काय झालं, बाबा?"

"काडतूस आत बसेना. रायफलचा बोल्ट लागेचना." मग हळूच म्हणाले, "माप मीच चुकीचं वाचलं. काटा हल्ली धूसर दिसतो."

इतकं ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते. "मी वाचून देऊ का?" मी विचारून बसले.

गॅरेजच्या टेबलावर फक्त काडतुसांच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या होत्या. बाकी सगळं कुलपात. त्यांनी एक पुंगळी माझ्या तळहातावर ठेवली.

"गोळी उडाली की ही फुगते, चेंबरचा, म्हणजे रायफलमधल्या तिच्या खाचेचा आकार घेते. ती निमुळती होते ना, तो हा तिचा खांदा. तो प्रेसमध्ये किंचित मागे ढकलायचा, दोन थाऊ. म्हणजे इंचाचे दोन हजारांश."

"आणि जास्त ढकलला तर?"

"मग आत मोकळी जागा राहते. पुंगळी दर वेळी ताणली जाते, आणि एक दिवस फाटते. कमी ढकलला तर आजच्यासारखं होतं."

ते प्रेसचा दांडा ओढायचे, मी पुंगळी कॅलिपरच्या, त्या मापयंत्राच्या, चिमट्यात धरून काट्यावरचा आकडा वाचायचे. चुकू नये म्हणून श्वास रोखून धरायचे. मग दर शनिवारी तेच होऊ लागलं. मध्येच ते सासूबाईंबद्दल बोलायचे. त्या रेंजवर यायच्या, पण कानांवर मफलर गुंडाळून गाडीतच विणत बसायच्या. "सगळ्यांना वाटायचं आमचं भांडण झालंय," असं म्हणून ते इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. नवऱ्याला हे काहीच माहीत नव्हतं. त्या रात्री जेवताना मी त्याला सांगितलं, तर त्याने ते सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

मी त्यांना मोठ्या आकड्यांचा डिजिटल कॅलिपर आणून दिला. त्यांनी तो वापरून पाहिला आणि नीट डब्यात ठेवून दिला. "छान आहे. पण तू वाचतेस ते बरं वाटतं."

पुढे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर आमची शनिवारची बैठक संपली, असं मी धरून चालले होते. मला वाईट वाटत होतं. ते कुणाला सांगायचीही लाज वाटत होती. शनिवार आला. ते दारात उभे राहून म्हणाले, "आता मला दिसतं. तू नुसतं मोजत किती दिवस बसणार? क्लबात नाव घाल."

पहिल्या दिवशी रेंजवर मी श्वास रोखूनच रायफल धरली. ते मागे खुर्ची टाकून बसले होते. "श्वास सोड. घाई नाही," एवढंच म्हणाले. माझी गोळी कागदाच्या एका कोपऱ्यात लागली. त्यांनी मात्र तो कागद शेजारच्या दोघांना दाखवला.

संध्याकाळी माझा खांदा ठणकायला लागला. त्यांनी फ्रीजरमधून मटारची पिशवी काढली, टी-टॉवेलमध्ये गुंडाळली आणि माझ्या खांद्यावर धरून बसले. भाजीला मटार हवे म्हणून नवरा दोनदा विचारून गेला. दोन्ही वेळा त्यांनी त्याला बटाट्याची करायला सांगितली.